मुकादम आणि शेजारचं पार्किंग

काहीच न घडलेला दिवस मुकादमांना सर्वांत संशयास्पद वाटे. "आज कायच झाला नाय, साहेब," ते माझ्या दारात येऊन हळूच सांगत, "म्हणजे कोणतरी दडवतोय."

आखातातल्या अरादच्या आमच्या कॉलेजात मी रजिस्ट्रार होतो. रत्नागिरीकडचे मुकादम सिक्युरिटी सुपरवायझर. कॉलेज परदेशी विद्यापीठाशी जोडलेलं, म्हणून आवारातला प्रत्येक गुन्हा दरवर्षी तिकडे कळवावा लागे. मुकादमांनी ते फारच मनावर घेतलं होतं. कँटीनमधून सामोसे चोरीला गेले तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफचे हात हुंगले.

"साहेब, तुमच्या हाताला पुदिना कसा?"

"डब्यात चटणी होती."

"वहिनी तसा सांगतील ना?"

आणि त्यांनी खरंच माझ्या घरी फोन लावला.

एका दुपारी ते एका विद्यार्थिनीला घेऊन आले. शेजारच्या पार्किंगमध्ये ती वडिलांच्या गाडीची वाट बघे. तिथे एक माणूस रोज तिच्या मागे मागे फिरत होता. ती कॉलेज सोडायला निघाली होती.

मी आवाराचा नकाशा काढला. पार्किंग पलीकडच्या गोदामाचं होतं, मुलं तिथे नुसती थांबत. "आपल्या हद्दीत येत नाही," मी म्हणालो. "कळवायची गरज नाही."

"त्या माणसाला हद्द ठाव हाय का, साहेब?"

"मुकादम, खलास. विषय संपला."

त्या वर्षी आम्ही शून्य गुन्हे कळवले. डीननी माझं अभिनंदन केलं.

मुकादमांनी मात्र दुसऱ्याच दिवशी गेट सोडलं आणि प्लॅस्टिकची खुर्ची त्या पार्किंगमध्ये नेली. सप्टेंबरचं ऊन. "आता गाड्यांवरही संशय," म्हणून सगळे हसले, मीही. तो माणूस दिसेनासा झाला. मुलगी येत राहिली. गेट सोडलं म्हणून मुकादमांची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही. कागदावर सही माझी. इथले आपले लोक अजून सांगतात, डोकं फिरलं आणि म्हातारा जागा सोडून गेला. ते खोटं आहे, आणि ते पसरू दिलं मी.

त्या दिवसांत माझ्या खिडकीतून ते पार्किंग दिसे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मुकादम डोळे बारीक करून न्याहाळत. ती मुलगी आली, की खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसत.

युनिफॉर्म परत द्यायला आले तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून बसण्याचं कारण विचारलं.

"तिला बघणारा एक झाला होता ना, साहेब," ते म्हणाले. "अजून एक कशाला?"