तुरेरावांचं सळई वाकवायचं यंत्र

एका जंगलात, बाळांनो, एका ढोलीत ढवळी नावाची कोंबडी आणि तुरेराव नावाचा कोंबडा राहत होते. घर छान होतं. फक्त खिडकी उघडी होती, गोल आणि बिनगजांची. ढवळी दाणे टिपायला बाहेर पडली की मागे एखादं अंडं नाहीसं व्हायचं.

"अहो, खिडकीला गज बसवा हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "नाहीतर करवंदीचे काटे तरी खुपसा."

"काटे? माझ्या घराला काटे?" तुरेरावांचा तुरा थरथरला. "अगं, लोक काय म्हणतील? मी स्वतः सळया वाकवून जाळी करतो. बघच तू."

ते तडक तरसाच्या भंगाराच्या दुकानात गेले. तिथे एक जुनं हातयंत्र पडलं होतं. लोखंडी पाट, त्यावर दोन जाड खुंट्या आणि एक लांब दांडा. खुंट्यांमध्ये सळई धरायची, दांडा ओढायचा, सळई वाकते. एवढंच काम. पण यंत्र गंजून जाम झालेलं.

तुरेरावांनी ते ओढत घरी आणलं आणि पहाटे सगळ्या जंगलाला आरवून सांगितलं. ढवळीला वाटलं, चला, आठवड्याभरात जाळी होईल. भाबडी बिचारी!

यंत्र रॉकेलमध्ये भिजलं. मग तारेच्या ब्रशने घासणं सुरू झालं. एक खुंटी मोकळी झाली, त्याचं आरवणं. दुसरी झाली, त्याचं वेगळं आरवणं. सगळं जंगल बघायला लोटलं. त्यात मुंगूस होता.

"वा, तुरेराव!" तो डोळे मिटून म्हणाला. "हल्ली असं काम कोण करतं? फक्त घाई करू नका. हा दांडा मूळचा वाटत नाही. मूळचाच शोधा."

तुरेरावांना भरून आलं. इतकी वर्षं आरवलो, पण समजणारा आजच भेटला!

ते मूळ दांडा शोधायला रानोमाळ भटकले. तेवढ्यात एक अंडं गेलं.

दांडा मिळाला. मुंगूस चहाला आला. "वहिनी, आलं घातलंत ना?" म्हणाला, आणि मग यंत्राला नाक लावून म्हणाला, "रंग हिरवा होता हो मुळात. असा बाजारातला नव्हे. शेवाळी हिरवा." तुरेराव शेवाळी हिरवा शोधायला गेले. आणखी एक अंडं गेलं.

ढवळीने मुंगसाच्या मिशीला पिवळं लागलेलं पाहिलं. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अहो, तोच खातोय!"

"शरम वाटत नाही असं बोलायला? ज्याला लोखंडाची इतकी जाण, तो अंडी चोरेल?"

शेवटी यंत्र तयार झालं. एका पंखाने ओढला तरी दांडा गर्रकन फिरायचा. आता घरात एकच अंडं उरलं होतं. ढवळी त्यावरून हलत नव्हती, उपाशी बसून होती. तुरेरावांनी पहिली सळई उचलली. तिचा जीव भांड्यात पडला.

"अरे अरे अरे!" मुंगूस किंचाळला. "यावर सळई घालणार? रंगाला ओरखडा पडेल!"

तुरेरावांनी सळई खाली ठेवली.

"आणि हे असं उघड्यावर?" मुंगूस कळवळून म्हणाला. "दिवस वाईट आहेत. चोर फार झालेत."

हे मात्र तुरेरावांना लगेच पटलं. त्यांनी शेजारीच यंत्रासाठी खोली बांधली. बाजारातून तयार जाळी आणून तिच्या खिडकीला ठोकली. दाराला आतूनबाहेरून कड्या लावल्या.

"ती जाळी घराला लावा की हो!" ढवळी ओरडली.

"घराची जाळी मी याच यंत्रावर करणार. विकतची लावली तर यंत्राचा अपमान नाही का?"

 ढवळीला रडूही येईना, इतकी ती संतापली होती. मग गोड आवाजात म्हणाली, "अहो, मी यंत्राच्या खोलीतच झोपत जाईन म्हणते. राखण नको का?"

"आत्ता कुठे तुला कळलं!" तुरेराव गहिवरले.

तिने अंडं पंखाखाली घेतलं, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. यंत्राच्या पाटावर गवत पसरलं. अंडं दोन खुंट्यांच्या मध्ये छान बसलं.

त्या रात्री मुंगूस नेहमीप्रमाणे घराच्या खिडकीतून आत गेला. अंडं नव्हतं. पण आल्यासारखं उपाशी परत जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सकाळी कोणी आरवलं नाही. तरी उजाडलं.

दुपारी शोकसभा झाली. मुंगूस अध्यक्ष होता. "असा जाणकार पुन्हा होणे नाही," तो म्हणाला आणि त्याला ढेकर आला. सभा संपल्यावर तो जाळीपाशी आला.

"वहिनी, यंत्राचं शेवटचं दर्शन घ्यावं म्हणतो. दार उघडता का?"

"नको भाऊजी," ढवळी अंड्यावरून न हलता म्हणाली. "रंगाला ओरखडा पडेल."

तात्पर्य : नवऱ्याच्या छंदाला बायकांनी उगाच नावं ठेवू नयेत, बाळांनो. छंदामुळे घरातलं कोणी ना कोणी वाचतंच.