पाच मिनिटांची मोहलत

शेषरावमामांना व्हिडिओ गेम खेळता येत नाही. लाथ कोणत्या बटणानं बसते आणि बुक्की कोणत्या, हे त्यांना चार वर्षांत कळलेलं नाही. तरी आदिलाबादजवळच्या आमच्या बेला गावात मारामारीच्या गेमची स्पर्धा त्यांच्या दस्तखतीशिवाय सुरू होत नाही. पंच तेच, कायदा त्यांचा, रजिस्टर त्यांचं. मी नुसता दुकानदार. टीव्ही माझा, मशीन माझं, जागेचं भाडं मी भरतो, पण स्पर्धेच्या दिवशी माझ्याच दुकानात मी खोकायचं झालं तरी त्यांच्याकडे बघून खोकतो.

हे हसत हसत सांगतोय खरा, पण सांगायला बसलो तो लाजेपायी. ती गोष्ट पुढे येईलच. आधी माणूस बघा.

मामा मंडल ऑफिसातून, म्हणजे तहसिलीतून, क्लार्क म्हणून रिटायर झाले. नोकरीला लागले तेव्हा मात्र चपराशी होते. जमिनीच्या दाव्यांच्या पेशीच्या दिवशी ओसरीत उभं राहून नावांचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. मामांनी हाळी दिली की बस स्टँडवर चहा पीत बसलेला माणूस कप टाकून पळत यायचा म्हणे. मला हे सगळं ऐकीव. मी बाजारहत्नूरचा, बाहेरगावचा. चार वर्षांपूर्वी इथं येऊन झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि गिऱ्हाईक टिकावं म्हणून मागच्या खोलीत गेमचं मशीन लावलं.

एक दिवस मामा पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले. मागच्या खोलीत दोघांची जुंपलेली. एकाचा पडद्यावरचा गडी मरायला टेकला होता आणि त्यानं मधेच पॉज दाबला होता. दुसरा म्हणे मुद्दाम, हा म्हणे चुकून.

मामांनी कागद खिशात घातला आणि विचारलं, "कायदा काय म्हन्ते?"

"कायचा कायदा, मामा?"

"याचा. या मारामारीचा."

कायदा नाही म्हटल्यावर मामा असे बघायला लागले की जसं आम्ही गावात विहीर नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर. काखेत लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर.

पहिलंच कलम असं होतं: 'चालत्या डावात जो इसम पॉज दाबील, हात घालील किंवा वायर ओढील, त्याच्या बाजूची हार, मग तो खेळाडूचा बाप का असेना.'

मी तर पोट धरून हसलो. "मामा, बाप कायले येईन वायर ओढाले?"

"येते," मामा म्हणाले. "कायद्यानं साऱ्याईचा इचार करा लागते."

बाकीची कलमं मात्र अशी चोख की आदिलाबादहून खेळायला येणारी पोरंही मान डोलावतात. डावाआधी हात धुवायचे. खेळायचा रिमोट पंचाला दाखवायचा; मामा तो ओल्या फडक्यानं पुसतात, उलटा करतात, कानाशी नेऊन हलवतात. आत काय वाजायला हवं हे त्यांना ठाऊक नाही, पण हलवल्याशिवाय देत नाहीत. खेळताना बाजूच्यानं शिकवलं तर फेरी गेली. जिंकणाऱ्यानं पुढच्या डावात गडी बदलायचा नाही, हरणाऱ्याला मुभा. असं काऊन, म्हणून कोणी विचारलं तर उत्तर तयार: "जित्तलेल्याले अक्कल लागत नाही बाबू. हारलेल्याले लागते."

आणि त्यांचं सर्वांत लाडकं कलम म्हणजे माफीचा डबा. रजिस्टरमध्ये प्रत्येक पानावर दोन डबे आखलेले. पहिल्यांदा हरला की नाव दुसऱ्या डब्यात जातं, तिथून जिंकत जिंकत फायनलपर्यंत येता येतं. दोनदा हरला तरच खारीज. "एका हारीनं मानूस खारीज होत नाही," हे वाक्य मामा दिवसातून वीसदा म्हणतात. एकदा माझ्याकडून ग्राहकाचा मोबाइल कायमचा बंद पडला, तर त्यालाही हेच ऐकवलं. तो बिचारा गप गेला.

स्पर्धा दसऱ्याच्या सुट्टीत. हैदराबादेत कामाला असलेले सगळे तेव्हा गावी येतात. विहाराच्या गल्लीतली माणसं गाड्या भरभरून नागपूरला जातात. मामा तेवढे जात नाहीत. "बाई जाते आमची," म्हणतात. "माह्यं इथं काम हाय."

नावं पुकारायची ती खरी नाहीत, खेळातली. प्रत्येकानं एक ठेवलेलं असतं. टायगर, किलर, काला नाग, असली. मामा छाती भरून ओरडतात, "काला नाग, मुक्काम जैनथ, हाऽजिर हो!" आणि एक काडीसारखा पोरगा चप्पल काढून आत येतो.

या सगळ्यात एक नाव दरसाल सर्वांत वर असायचं. तुफान, मुक्काम बेला. हा तुफान कधी आला नाही. मामा तीनदा पुकारायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून पाच मिनिटं थांबायचे. रोज सकाळी रेडिओच्या टायमाशी मिळवलेलं घड्याळ. त्यात सेकंदाचा फरक पडला तर मामांना जेवण जात नसे. पाच मिनिटांत न येणारा गैरहाजिर, त्याची हार, हे कलम सगळ्यांना लागू. तुफानला नाही. त्याच्यापुढे मामा लिहायचे, 'मोहलत दिली.' आणि पुढच्या साली नाव पुन्हा वर.

मला याची भारी गंमत वाटायची. मी नकला करायचो, चहाच्या टपरीवर "तुफान हाजिर हो" म्हणून ओरडायचो. आता आठवतं, त्या नकलेला गावातलं कोणी हसत नव्हतं. हसणारा मी एकटा. पण हे कळायला अक्कल लागते, आणि मी तेव्हा हरलो नव्हतो.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. दुपारचे बारा. खोली गच्च भरलेली. आदिलाबादची पोरं घाई करून राह्यली होती, "अन्ना, सुरू करा ना!" आणि मामा दारात घड्याळ धरून उभे. दोनदा पुकारा झाला होता. पाहुण्यांसमोर आपलीही ऐट दिसावी म्हणून मला काय दुर्बुद्धी सुचली कोणास ठाऊक. मी झेरॉक्स मशीनच्या पडद्यामागे गेलो, आणि तिसरा पुकारा झाल्याबरोबर रस्त्याच्या बाजूला तोंड करून, आवाज जाड करून ओरडलो,

"हजर!"

रजिस्टर पडल्याचा आवाज आला. मी पडद्यातून डोकावलो. मामा दारात नव्हतेच. ते रस्त्यावर होते. अनवाणी. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर तापलेलं, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस एकदा बस स्टँडकडे पळत होता, एकदा उलट्या दिशेला. कापसाची एक बैलगाडी चालली होती, तिच्या मागेसुद्धा वाकून बघितलं त्यांनी.

"कुठून आला आवाज? अरे, कुठून आला?"

खोलीत कोणी हसलं नाही. मी पडदा धरून उभा होतो आणि माझ्या तोंडावरचं हसू जाता जाईना, इतकं ते तिथं वाळून गेलं होतं. "मामा," म्हटलं, "मीच तो. गंमत केली."

मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि स्पर्धा सुरू केली. संध्याकाळपर्यंत एकाही फेरीत त्यांची चूक झाली नाही. पण त्यांचा पुकारा पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जात नव्हता.

सगळे गेल्यावर प्रमोद मागे थांबला. इथल्याच शाळेत मास्तर आहे, दरसाल खेळायला येतो. खुर्च्या लावता लावता खाली बघत बोलला.

"तुफान म्हन्जे संघपाल. मामाचा पोरगा. माह्या वर्गातला."

नऊ वर्षांपूर्वी आदिलाबादला स्पर्धा होती. त्याच दिवशी संघपालची नोकरीची परीक्षा. तो परीक्षेला न जाता खेळायला गेला. मामांना कळलं, ते बसनं तिथं पोचले. पोरगा सेमीफायनल जिंकत आला होता. मामांनी भिंतीतून वायर ओढली आणि भरल्या खोलीत त्याला दोन थोबाडीत दिल्या. तिथल्या पंचानं सांगितलं, वायर ओढली त्याच्या बाजूची हार. संघपाल तिथूनच हैदराबादला गेला. आईला फोन करतो. बापाशी बोलत नाही.

"तू नवा हायस म्हनून कोनी सांगतलं नाही तुले," प्रमोद म्हणाला. त्यानं मला चांगलं दोन-चार सुनवायला हवं होतं. तोही समजूतदार निघाला, आणि माझी अजूनच माती झाली.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या घरी गेलो. मामांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. आदल्या दिवशीच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दुकानदार. खोटी हजेरी. हार एक.' आणि माझं नाव माफीच्या डब्यात.

"एक झाली," मामा म्हणाले. "दुसरी होऊ देऊ नोको."

मग म्हणाले, "आन् ते पुकाराचं बंद आता. लोकाईचा खोळंबा होते."

वर्षभर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, मला कधी टोमणा मारला नाही. मीच त्यांच्या पायांकडे बघायचं टाळत राहिलो.

यंदाच्या दसऱ्याला मामांनी यादी आणून टेबलावर ठेवली. सर्वांत वर काला नाग. मी पेन घेतलं आणि वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: तुफान, मुक्काम बेला. मामांनी बघितलं. खाडाखोड केलेला कागद त्यांना चालत नाही. पण ते नाव त्यांनी तसंच राहू दिलं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. पहिल्या पुकाऱ्याला नुसती हवा निघाली.

"जोरानं," मागून मामा म्हणाले. "बस स्टँडपर्यंत गेला पायजे."

मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो. लोक टपरीवरून वळून बघायला लागले. मामा जवळ आले, मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. हैदराबादची बस आली, दोन बायका आणि एक पोतं उतरलं, बस गेली. काटा पाचव्या मिनिटावर आला. मला सांगायचा धीर होईना. शेवटी म्हणालो, "मामा, पाच झाले."

मामांनी मान वळवली नाही.

"थे घड्याळ दोन मिन्टं पुढं हाय," ते म्हणाले. "थांब जरासा."