मेमरीत न मावलेला जिल्हा

उदगीर जिल्हा अखेर मंजूर झाला! मुंबईत नव्हे, शेषेरावांच्या बैठकीच्या खोलीत. तोही जेवण झाल्यावर आणि वामकुक्षीच्या आधी.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा मागणी समितीनं नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायला म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि सचिव या नात्यानं तो शेषेरावांच्या घरी ठेवला. त्यात गावं-शहरं वसवायचा एक गेम आधीच भरलेला होता. नकाशा राहिला बाजूला, शेषेरावांनी सबंध जिल्हाच वसवायला घेतला! कलेक्टर कचेरी झाली, विश्रामगृह झालं, जळकोट ते देगलूर चौपदरी रस्ता झाला आणि मधोमध एक धरण काठोकाठ भरलं.

"केवळा, इकडं ये! हे बघ आपलं घर. अन् ह्यो बघ, अंगणात नळ!"

केवळाबाईंनी कमरेवरची रिकामी घागर न उतरवताच पाहिलं. "दररोज येतो का?"

"रोज? दिवसरात चालू हाय!"

"मग ह्यो जिल्हा लौकर आणा," असं म्हणून त्या टँकरच्या रांगेला गेल्या.

लग्न झाल्यापासून बायकोनं पहिल्यांदाच आपल्या कामाची विचारपूस केली, म्हणून शेषेरावांना आभाळ ठेंगणं झालं. त्याच तोऱ्यात ते समितीच्या बैठकीत बोलून बसले, "रविवारी पाहणीला वरून साहेब यायलेत ना? कागदं कशाला दाखवता? मी चालताबोलता जिल्हा दाखवतो!"

जळकोटचे हणमंतराव सचिवपदावर कधीचे डोळा ठेवून होते. "अन् न्हाई दाखवला तर?"

"तर सचिव तुमी!"

घरी येऊन शेषेरावांनी ऐटीत धरणाचं दार उघडलं मात्र, लाटा जागच्या जागी थिजल्या आणि पडदा निळाशार झाला! त्यावर इंग्रजीत लिहून आलं, की मेमरी पुरत नाही. पुन्हा चालू केला. पुन्हा धरण, पुन्हा निळा! मशीन तापलं असेल म्हणून त्यांनी टेबलफॅन लावला. कूलरच लावणार होते, पण केवळाबाई म्हणाल्या, "कूलरात घाला की पाणी! तुमच्या आंघुळीचं घाला." तो उपाय तिथंच थांबला.

मग देगलूरच्या गुरुपादप्पांना बोलावणं गेलं. आप्पा समितीचेच सभासद, मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्यांचं दुकान. त्यांनी डबा उघडला, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, फुंकर मारली आणि परत बसवली.

"अय्यो शेषेराव, पट्टी ठीक हाय. पण लहान हाय. तुमचा जिल्हा लई मोठा झालाय!"

"मग मोठी बसवा!"

"असल्या जुन्या मशीनची हितं कुटं भेटतीय? हैदराबादहून मागवतो, सोमवारी येईल."

"अन् रविवारी साहेबाला काय तुमचं खोडरबर दाखवू?"

"मग वझं कमी करा."

कॉम्प्युटरवर मागं चालू असलेलं बाकी सगळं बंद केलं. चित्राचा दर्जा उतरवला, तशा माणसांच्या सावल्या गेल्या, झाडांची पानं गेली. पानं बाहेरच्या झाडांनाही नव्हती, त्यामुळं त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. तरी दार उघडलं की निळा!

"पाणी काढा," आप्पा म्हणाले. "लाटा हालतेत ना, समद्यात जास्त मेमरी पाणीच खातंय."

"आप्पा, बाहेर न्हाई म्हणून तर आत केलंय!" शेषेरावांना अगदी भडभडून आलं. पण सचिवपद डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी धरण कोरडं केलं.

आता भर बाजारात माणसं जमली की अडकू लागलं. एखादा तालुका कमी करावा लागणार, ही बातमी आप्पांच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, हणमंतराव हजर!

"जळकोटला हात लावायचा न्हाई! देगलूर काढा. तसंबी ते नांदेडचं हाय."

"अय्यो, असं का? तुमच्या जळकोटात ठेवण्यासारखं हाय काय?" आप्पा उसळले.

हणमंतरावांनी माउस ओढून देगलूर पाडलं. आप्पांनी तो हिसकावून जळकोट साफ केलं. मग रस्ता कुठूनच कुठं जाईना, म्हणून दोघांनी मिळून रस्ताही उखडला. एवढं एकच काम त्यांनी एकमतानं केलं!

दोघं भांडत निघून गेले. उरलं काय, तर कचेरी, विश्रामगृह आणि ते नळाचं घर. जिल्हा थोडा वेळ चालला आणि पुन्हा निळा. नळ चालू होता ना, दिवसरात! शेषेरावांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. केवळाबाई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. शेषेरावांनी आवाज न करता घर पाडायचं बटण दाबलं.

रविवारी साहेब आले. जिल्हा लोण्यासारखा चालला! कुठं अडकणं नाही, की थिजणं नाही.

"वा! विश्रामगृह झकास आहे," साहेब म्हणाले. "पण लोक कुठं आहेत?"

"साहेब, लोकं घातले की बंद पडतंय."

"आणि पाणी?"

"पाण्यानं तर लगीच."

हणमंतराव गालातल्या गालात हसले. साहेबांनी मात्र समजूतदारपणे मान हलवली. "आमच्याकडंही तसंच होतं हो! इतका सुटसुटीत जिल्हा मी पहिल्यांदाच पाहतोय. असाच प्रस्ताव पाठवा, कुणी हरकत घेणार नाही!"

टाळ्या पडल्या. सचिवपद वाचलं. हणमंतरावांनासुद्धा टाळी वाजवावी लागली. तेवढ्यात केवळाबाई कौतुकानं चहा घेऊन आल्या.

"सायबाला आपलं घर दाखवलंत का? नळाचं?"

शेषेरावांनी माउस उगीच इकडून तिकडं फिरवला. "ते... मेमरीपायी काढावं लागलं."

केवळाबाईंनी चहा तसाच खाली ठेवला. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला, तशी त्यांनी घागर आणून थेट शेषेरावांच्या मांडीवर ठेवली.

"उठा, सचिवसाहेब. ह्यो टँकर जुन्याच जिल्ह्याचा हाय."

आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, साहेबांच्या डोळ्यांदेखत, नव्या जिल्ह्याचे शिल्पकार घागर काखेत मारून रांगेत जाऊन उभे राहिले. सगळ्यात शेवटी!