बर्फाच्या लादीवरचं इंजिन

हरिचंद गेला तेव्हा त्याच्या बर्फावरच्या गाडीचं इंजिन चालू होतं की बंद?

त्याच्या धाकट्या भावाला, उकंडाला, एवढंच विचारायचं होतं. कागद घेऊन आलेल्या साहेबाला त्यानं विचारलं. साहेबानं टोपी काढून हातात घेतली आणि पाणी मागितलं. पोस्टमास्तरांना विचारलं, ते शिक्के मारत राहिले. बंद पडलं म्हणून दादा गारठून गेला असेल, तर दोष इंजिनाचा. चालू असेल, तर दोष बर्फाचा. शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या, हे उकंडाला ठरवायचं होतं. (चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाला दुनिया अशी सरळ लागते.)

फौजेच्या, बर्फावर घसरत पळणाऱ्या गाड्या पहाडात हरिचंद दुरुस्त करायचा. मागच्या सुट्टीत त्यानं तसल्याच एका गाडीचं भंगारात निघालेलं इंजिन रेल्वेनं वसमतला आणलं, तिथून बैलगाडीनं घरी. त्यावर हळद घासायचा ढोल फिरवायचा बेत होता. ढोल म्हणजे भोकं पाडलेलं आडवं पिंप. उकडून वाळवलेली हळद त्यात घालून दांड्यानं फिरवायची. साल झडते, पिवळा भुगा खाली पडतो आणि फिरवणाऱ्याचे खांदे निखळतात. ते खांदे हरिचंदच्या बायकोचे, निर्मलाचे होते.

धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा त्या इंजिनात हवा कोंबायचा. "वर हवा पातळ हाय, ताकावानी," हरिचंदनं सांगितलं होतं. "हितं घट्ट, दह्यावानी. हवा जास्त तर पेट्रोल बी जास्त पायजे. पेट्रोल सोडणारा ह्यो जेट वरचा हाय, बारीक भोकाचा. पुढल्या सुट्टीत मोठा बसवतो. तवर हात लावू नको." मोठा जेट त्यानं कागदात गुंडाळून फडताळात ठेवला आणि बारीक जेटच्या झाकणावर निर्मलाच्या नखपॉलिशचा लाल ठिपका दिला, कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

पुढली सुट्टी आलीच नाही. तो गेल्यावर चार महिन्यांनी, ऐन हळदीच्या दिवसांत, निर्मलाचे वडील सोनाजी नरसीहून आले.

"लेकीला न्यायला आलो," ते उकंडाच्या आईला म्हणाले.

"हळद तरी होऊ द्या, इवाई," चांगुणाबाई म्हणाली.

"म्हंजे ढोल फिरवायला ठिवता व्हय? नवरा गेला, आता खांदे बी जाऊ द्या म्हणता?"

सगळे गप्प झाले की उकंडाचं तोंड सुटायचं.

"उद्या ढोल इंजिनावर फिरंल," तो म्हणाला. "वहिनीनं हात बी लावायचा न्हाई. फिरला तर तिला न्यायचं न्हाई, बोला."

सोनाजींनी मान हलवली. ती हो म्हणून की कीव म्हणून, हे बघायला उकंडा थांबला नाही.

त्याच संध्याकाळी वसमतहून हैदर मिस्त्री आला. त्यानं पट्टा चढवला, दोरी ओढली. इंजिन खोकलं, ठसकलं, गप झालं. पाच वेळा तसंच. हैदरनं पाना काढला. "मोठा जेट डालना पडता."

"त्या ठिपक्याला हात लावायचा न्हाई."

"तेरे भाई ने ही बोला था ना?"

"दादा लावणार व्हता. दादानंच लावायचा व्हता."

हैदरनं पाना खिशात टाकला. मेलेल्या माणसाच्या हाताची खूण खरवडायला त्याचाही हात धजेना.

मग उकंडाच्या डोक्यात उजेड पडला. (असा उजेड पडला की घरात आधी भांडी झाकून ठेवत.) इंजिनाला मोठा जेट नको होता, इंजिनाला पहाड पाहिजे होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं तो वसमतला गेला आणि आइसकांडीवाल्या अन्सारकडून बर्फाची लादी भुशात गुंडाळून घेऊन आला. घरी येईस्तोवर पहाडाची टेकडी झाली होती. तिच्यावर फळी, फळीवर इंजिन.

"थंडी हवा और घट्ट रहती रे," हैदर म्हणाला. "पेट्रोल और कम पडता."

"तुमी बर्फात गेलते का कधी?"

"नहीं."

"मंग?" (गेला तर तोही नव्हता.)

गल्ली जमली. उकंडानं दोरी ओढली आणि इंजिन चालू झालं. नुसतं चालू नाही, किंचाळत. ढोल फिरायला लागला. "फिरला की रं," सोनाजी म्हणाले, आणि उकंडानं वहिनीकडं बघितलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती. आयुष्यात एवढं बरोबर काम त्याच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं.

ते दोन मिनिटं टिकलं. इंजिन चढतच गेलं. उकंडानं पेट्रोल वाढवायची तार ढिली सोडली, तरी ऐकेना. (पोटात कमी पडलं की असलं इंजिन चवताळतं, हे हैदर नंतर म्हणाला, उपाशी माणूस नाही का अंगावर येत.) लादी वितळून फळी घसरली, पट्ट्याला हिसका बसला, ढोलाच्या दाराची कडी तुटली आणि मणभर हळद अंगणात उधळली.

भुगा खाली बसेपर्यंत कुणाला कुणी दिसेना. बसला तेव्हा सोनाजी नवरदेवासारखे पिवळे होऊन उभे होते. आणि निर्मला, केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत, नवरीसारखी. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वीस वर्षं होत आली होती, तरी ढोलावरून उठली की चांगुणाबाई तिला आधी तोंड धुवायला लावी; विधवेच्या कपाळाला हळद दिसली की शेजारणींच्या जिभा चालायच्या. आता सगळ्या शेजारणी समोर होत्या, आणि एकीचीही जीभ चालेना.

इंजिन एकदा कडकडलं आणि थांबलं.

निर्मलानं आपल्या हातांकडं बघितलं आणि ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसू थांबेना, तेव्हा चांगुणाबाईनं तिला घट्ट पोटाशी धरलं.

हैदरनं इंजिन उघडलं. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. "निशान बच गया तेरे भाई का," तो हळूच म्हणाला. लाल ठिपका जिथल्या तिथं होता.

"जाते मी, भावजी," संध्याकाळी निर्मला म्हणाली. "हितं ऱ्हायले तर माझ्यापायी तुमी आणखी काय काय जाळाल."

हळद एका दिवसात उतरत नाही. दुसऱ्या दिवशी यष्टी आली तेव्हा सोनाजी, निर्मला आणि पोचवायला आलेला उकंडा, तिघं अजून पिवळेच होते.

"नवरा-नवरी पुढं बसा," कंडक्टर म्हणाला.

"मी दीर हाय," उकंडा म्हणाला.

"मंग नवरदेव कुठंय?"

सोनाजींनी लेकीला आत ढकललं. उकंडा तिची पेटी डोक्यावर घेऊन मागच्या शिडीनं टपावर चढला. पेटीभोवती दोरीचा एक वेढा झाला आणि घंटी वाजली. गाडी निघाली.

निर्मलानं खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं बघितलं. थांब्यावर एक कुत्रं होतं.

"निरोप द्यायला बी थांबले न्हाईत भावजी," ती वडलांना म्हणाली.

बरोबर तिच्या डोक्यावर बसलेल्या उकंडाला ते स्वच्छ ऐकू आलं. वाकून हाक मारावी असं त्याला वाटलं. पण गाठ मारायची राहिली होती, आणि रस्ता खड्ड्यांचा होता. म्हणून वसमत येईस्तोवर तो दोन्ही हातांनी दोरी धरून पेटीवर बसून राहिला.