अकरा काड्यांचे चिंदरकर

चिंदरकर काका कोणाच्याही घरी गेले की दार उघडणाऱ्या माणसाकडे आधी बघत नाहीत. त्याच्याआधी रस्त्यावर उभं राहून मान वर करतात आणि इमारतीची गच्ची बघून घेतात. मग जिना चढतात. दारात येतात तेव्हा चेहऱ्यावर गच्चीचा निकाल लागलेला असतो.

आमच्या शेजारच्या सावंतांनी एकदा चूक केली. मुलीसाठी घोडपदेवचं स्थळ बघायला जाताना वडीलधारं माणूस म्हणून काकांना बरोबर नेलं. पोहे येईपर्यंत काका गायब. वीस मिनिटांनी गच्चीवरून हात झटकत उतरले, गार पोहे खाल्ले आणि परतीच्या टॅक्सीत एवढंच म्हणाले, "दिशा चुकलीय." सावंत घाबरले. अनुभवी माणूस काहीतरी बघून आलाय म्हणून त्यांनी स्थळ नाकारलं. मुलात काय खोट होती ते दोन महिन्यांनी कळलं. टीव्हीचा मनोरा वरळीला, आणि त्यांच्या अँटेनाचं तोंड शिवडीकडे होतं. मुलगा उत्तम होता, त्याचं पुढे दुसरीकडे लग्न झालं आणि तो सुखात आहे, हे सावंतवहिनी काकांना वर्षातून एकदा तरी ऐकवतात. काका म्हणतात, "सुखात असेल, पण बघतो काय?"

आम्ही करी रोडचे. आमची चाळ पाडून बिल्डरने दोन इमारती उभ्या केल्या. जुन्या भाडेकरूंसाठी चौदा मजल्यांची, आणि पूर्वेला, विकण्यासाठी, पंचेचाळीस मजल्यांची, पायापासून डोक्यापर्यंत काचेची. तिला आम्ही 'मोठं घर' म्हणतो. ते लोक आम्हाला काय म्हणतात ते वॉचमनने मला सांगितलंय, पण इथे लिहीत नाही. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. निवडणुकीच्या सभेत कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला, तेव्हा बिनविरोध निवडून आले.

काका बाराव्या मजल्यावर एकटे राहतात. जन्मभर गोदीत वायरमन होते. काकी चाळीत असतानाच गेल्या, मूलबाळ नाही. मला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं असल्यामुळे सोसायटीची सेक्रेटरी म्हणून ते मला काडीचीही किंमत देत नाहीत. लेखी अर्जाचा मायना सुद्धा 'चि. शुभास' असा असतो.

असाच एक अर्ज आला. गच्चीवर टीव्हीचा अँटेना लावायला परवानगी हवी. आजच्या काळात. पोरं फोनवर बघतात, म्हातारे केबलवर बघतात, आणि या माणसाला वरळीच्या मनोऱ्यावरून फुकट येणाऱ्या चार सरकारी वाहिन्या छपरावर काडी लावून पकडायच्या आहेत. अध्यक्ष पाटकरांनी हा विषय सभेत सगळ्यात शेवटी घेतला, म्हणजे लोक उठून जातील. लोक उठलेही, पण काका दारात उभे होते.

चाळीस मिनिटं बोलले. डिजिटल अँटेना अशी वस्तूच जगात नाही, अँटेना हा अँटेना असतो, डिजिटल ही दुकानदाराची थाप, हे त्यांनी सांगितलं. पूर्वी दिशा थोडी हुकली तर चित्रात मुंग्या यायच्या, माणूस मुंग्यांतूनही बातम्या बघायचा. आता चित्र एकतर लख्ख येतं नाहीतर येतच नाही. "पूर्वीच्या चित्राला आजारपण होतं," काका म्हणाले, "आताच्याला थेट मरण." पाटकरांनी घाबरून सही केली.

मग अँटेनाची निवड सुरू झाली. एखाद्या राजकन्येने स्वयंवरातही एवढी नापसंती दाखवली नसेल. लॅमिंग्टन रोडवरून पहिला आला तो खिडकीत चिकटवायचा, पापडासारखा चपटा. काकांनी तो दोन दिवस ठेवला आणि त्याच्यावर कढईतली पुरी निथळत ठेवता येईल असा शेरा मारून परत केला. दुसरा आला तो हातभर लांब काड्यांचा, मोठ्या सुरमईच्या काट्यासारखा. तो गावाकडे, मनोरा लांब असतो तिथे ठीक. तिसऱ्याबरोबर दुकानदाराने बूस्टर गळ्यात मारला. त्यावर काका खरे चिडले. वरळी इथे हाकेच्या अंतरावर, आणि बूस्टर? कानाशी तोंड आणून बोलणाऱ्याच्या हातात लाऊडस्पीकर द्यायचा? ऐकणारा बहिरा होईल. तसंच झालं. बूस्टर लावल्यावर चारही वाहिन्या गेल्या. काका आठवडाभर विजयी मुद्रेने फिरत होते.

शेवटी अकरा आखूड काड्यांचा एक आणला. पाण्याच्या टाकीच्याही वर जाईल असा पाइप उभा केला, त्याच्या टोकाला तो बसवला आणि तोंड वरळीकडे केलं. चित्र लख्ख आलं. काकांनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. टीव्हीत काय दिसतंय ते मात्र कोणाला दाखवायला बोलावलं नाही. मी मनात म्हटलं, दाखवण्यासारखं असेल काय त्यात.

महिन्याभरात मोठ्या घराचं पत्र आलं. इंग्रजीतून. त्यांचा पोहण्याचा तलाव आमच्या गच्चीच्याच पातळीवर आहे, आणि तिथून पश्चिमेला बघताना सूर्यास्ताच्या ऐन मधोमध आमचा अँटेना येतो. रहिवाशांच्या फोटोंचा विचका होतो. सामायिक आवाराच्या नियमाप्रमाणे तो काढावा. आमच्याकडे पाणी कमी दाबाने येतं या तक्रारीचं उत्तर त्यांनी दोन वर्षांत दिलं नव्हतं, पण सूर्यास्ताची तातडी वेगळी. पाटकर लगेच वाकले. नोटीस टाइप झाली आणि काकांची सही आणायला मला पाठवलं.

मी पावणेसातला गेले. खरं सांगायचं तर मला थोडी गंमतही वाटत होती. आता काका काय व्याख्यान देतात ते ऐकायचं आणि उद्या बँकेत डबा खाताना सगळ्यांना करून दाखवायचं.

काकांनी दार उघडलं, नोटिशीकडे बघितलंही नाही. "बस गो. सात वाजतायत," म्हणाले. टीव्ही लावला. स्टुलावर मोबाइल ठेवला, कोणालातरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एका बाईने "आलेच मामा, देते हां" म्हटलं आणि मग नुसता टीव्हीचा आवाज यायला लागला. इकडे जो आवाज, तोच तिकडे. सरकारी वाहिनीवर रोज सातला एखाद्या जुन्या विनोदी नाटकाचा अर्धा तास दाखवतात. काका खुर्चीत टेकून बघायला लागले. फोनवर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

नाटकातला नवरा चुकून सासऱ्याचं धोतर नेसून बाहेर आला आणि काका हसले. त्याच क्षणी फोनमधून कोणीतरी हसलं. म्हातारं, खरखरीत, मोठ्याने. पुन्हा एक विनोद, पुन्हा दोघं बरोबर. अर्धा तास असंच चाललं. नाटक संपल्यावर काका फोनकडे वाकून "उद्या, आक्का" म्हणाले आणि फोन बंद केला.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. माहीमला मुला-सुनेकडे असते, जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे आठवड्यातून एकदाच जाणं जमतं. आई लवकर वारली तेव्हा काकांना तिनेच वाढवलं होतं. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं, हसणं राहिलं.

"आधी मी नेटवर बघायचो," काका म्हणाले. "तिच्याकडे माझा जुना अँटेना. नेटवर चित्र सात सेकंद मागून येतं. आक्का तिकडे हसून मोकळी, आणि माझ्याकडे नट अजून दार उघडतोय. मग मी हसायचो तर ती गप्प व्हायची. तिला वाटायचं, मी तिला हसतोय."

दोघांकडे नेट घेतलं असतं तरी दोन्हींचं मागे पडणं वेगळं. केबलचंही तेच. हवेतून येणारं चित्र तेवढं दोन्ही घरांत एकाच वेळी पोचतं. एवढ्यासाठी या माणसाने तीन अँटेना नापास केले होते. मी विचारलं, हे सभेत का नाही सांगितलं? चाळीस मिनिटं डिजिटलवर बोललात, हे दोन मिनिटांत झालं असतं.

काका नोटिशीची घडी करत म्हणाले, "परवानगी मिळाली असती गो. पण मग जिन्यात, लिफ्टमध्ये, प्रत्येकाने विचारलं असतं, आक्का कशी आहे. आणि मला रोज सांगावं लागलं असतं, तशीच आहे."

नोटीस मी परत आणली. काकांची गोष्ट मी पाटकरांना सांगितली नाही. नळाच्या दाबाच्या तक्रारींची जाडजूड फाइल तेवढी मोठ्या घराच्या मॅनेजरसमोर ठेवली आणि आता वकिलाकडे जातेय म्हटलं. तासाभरात तडजोड झाली. अँटेना राहील, पण टाकीच्या वर डोकं काढणार नाही. गुरुवारी पाइप कापला. आणि वरळी टाकीच्या आड गेली. चित्र आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. दोन्ही दिवस काका टॅक्सी करून माहीमला गेले, जिना बसत बसत चढले. शुक्रवारी उतरताना भाच्याला त्यांना धरावं लागलं.

शनिवारी माझ्याकडे आले. वरळी पश्चिमेला आहे, तर अँटेनाचं तोंड पूर्वेला करायचं म्हणाले. मोठ्या घराच्या काचेवर आपटून लहर परत येत असणार, तीच पकडायची. पण खोलीत टीव्ही बघायला एक माणूस लागतो आणि गच्चीवर दांडा फिरवायला एक. त्यांचे गुडघे आता गच्चीपर्यंत जात नव्हते.

सातला मी पाना घेऊन गच्चीवर उभी राहिले. काकांनी आक्काला आणि मला एकाच कॉलवर घेतलं. मी दांडा बोटभर फिरवायची, ते नाही म्हणायचे. पुन्हा बोटभर, पुन्हा नाही. आक्काकडे नाटक सुरू झालं होतं, ती मधूनमधून एकटीच हसत होती. हात भरून आले. मग काका म्हणाले, "तिथेच. हलू नको."

नुसता टीव्हीचा आवाज. मग फोनमध्ये दोघं हसले, एकाच वेळी.

पान्याने नट आवळायला एक हात मोकळा करायला हवा होता. मी विचारलं, "काका, सोडू का?"

ते बघत होते. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहिले.