नदीची मंजूर जागा

डोंगरातून उतरणाऱ्या नदीने आपली अधिकृत जागा सोडल्याची बाब पट्टीवाचकाच्या सकाळी आठ वाजता लक्षात आली. आदल्या दिवशी दरड कोसळली होती आणि नदी कोणालाही न विचारता चाळीस पावले डावीकडून वाहू लागली होती. काठावरची मोजपट्टी गोट्यांत कोरडी ठणठणीत उभी होती. दिवसातून तीनदा पट्टी बघून पाण्याची पातळी कळवायची, ही त्याची नोकरी. त्याने इमानेइतबारे शून्य कळवले.

साहेबांचा लगेच फोन आला. "भर पावसाळ्यात शून्य? नदी आटली म्हणून वरून चौकशी लागेल!"

"साहेब, आटली नाही, सरकलीय."

"नकाशात तसं आहे?"

"नकाशा जुना आहे."

"जुना असेल, पण मंजूर आहे. पट्टीला नवी जागा मिळायला दोन वर्षं लागतील. तोवर गेल्या वर्षीचे त्याच तारखेचे आकडे भरा."

त्याने भरले. पोट कोणाला चुकले आहे? महिन्याभरात कार्यालयाने त्याला अचूकतेचे प्रशस्तिपत्रही दिले, कारण इतकी शिस्तीची नदी खात्याच्या पाहण्यात नव्हती.

मग एके दुपारी वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला. समोरून मुळांसकट झाडे वाहत येऊ लागली. खाली पुलाशेजारी त्याची थोरली बहीण मुलांना घेऊन राहत होती. त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, गावातला भोंगा वाजवा!"

"पट्टीवर चार मीटर झाले की वाजवू. किती झालंय?"

"पट्टी कोरडी आहे हो!"

"मग घाबरताय कशाला?"

त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, मुलांना घे आणि टेकडीवर पळ. आत्ताच्या आत्ता!"

"थांब रे, मोबाइलवर बघते. हे काय, हिरवं दाखवतंय. नदी एक मीटर वीस."

"खोटं आहे ते! मीच भरलंय!"

"तूच ना? मग झालं तर! उंबऱ्यात पाणी आलंय खरं, पण नळ फुटला असेल कुठेतरी."

फोन बंद पडला. तो पुलाच्या दिशेने धावत सुटला. अंतर सहा किलोमीटर होते आणि नदी त्याच्या कितीतरी पुढे होती. नोंदीत मात्र ती रमतगमत चालली होती.

ताईला हसू नका. आज बाहेर पाऊस आहे का, हे सकाळी तुम्ही खिडकीतून पाहिलेत की मोबाइलवर?