तात्यांच्या विहिरीत गोरा उतरला

रंगनाथतात्या माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत, पायांकडे बघत. गावच्या पिण्याच्या विहिरीच्या ओट्यावर मांडीवर काठी आडवी घेऊन ते सकाळ-संध्याकाळ बसलेले. कुणी पायरी चढू लागलं की हुकूम सुटायचा, "पाय बघू!" चप्पल दिसली, परत जा. शेण लागलंय, परत जा. एकदा मामलेदारसाहेबांनाही त्यांनी बूट काढायला लावले आणि मोज्यातून डोकावणारा अंगठा बघून म्हणाले, "सायेब, ह्यो गडी बाहीर पडलाय, धुऊन घ्या."

या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, शेत वाट्यानं दिलेलं. विहीर हाच त्यांचा संसार.

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या बायका ओट्याखाली घागरी मांडून उभ्या राहायच्या आणि तात्या वरून पाणी ओतायचे. न कंटाळता, न चिडता. "माझ्या हातनं येकबी घागर रिकामी गेली न्हाई," असं ते छाती पुढे काढून सांगत. आम्हीही मान डोलवायचो. मी शाळामास्तर, पोरांना समतेचे धडे घोकून घ्यायचो आणि घरी येऊन याच विहिरीचं पाणी गटागटा प्यायचो. लाज वाटावी असं त्यात काही आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुष्काळ पडला त्या उन्हाळ्यात मिरजगावच्या अलीकडे, आमच्या फाट्यावर, एका गोऱ्याची मोटार बंद पडली. गडी पार विलायतेहून रस्त्यानं आला होता, वाळवंटं तुडवत, दक्षिणेच्या समुद्रात बुड्या मारायला. नगरहून सुटा भाग येईपर्यंत तो शाळेत उतरला. टपावर रबरी कपडे, काचेचा चष्मा आणि पाठीला बांधायची हवेची टाकी. कित्येक आठवड्यांत त्यानं बुडी मारण्याइतकं पाणी पाहिलं नव्हतं. आसपासच्या विहिरी कोरड्या ठाक असताना आमच्या विहिरीत तीन पुरुष पाणी! ते बघून त्याला राहवेना. तात्यांना विचार म्हणून त्यानं मला गळ घातली.

तात्या हाकलून देणार याची मला खात्री होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तळाला जातो का ह्यो?"

"जातो म्हणतो."

"मग जाऊ दे. आमच्या हिची कळशी हाय तिथं. हातातनं निसटल्याली."

ती कळशी काढायला त्यांनी दर उन्हाळ्यात गळ टाकून बघितले होते. सारं गाव जमलं. गोऱ्यानं पाय धुऊन दाखवले आणि वर रबराचे हातभर लांब पंजे चढवले. तात्या गडबडले. असले बदकाचे पाय त्यांच्या कायद्यात नव्हते. शेवटी ते पंजे त्यांनी स्वतः राखेनं घासून दिले आणि म्हणाले, "पाव्हना म्हंजी देव. उतर."

गोरा बुडाला. बुडबुडे येत राहिले. बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. बऱ्याच वेळानं तो वर आला तेव्हा त्याच्या हातात काळी पडलेली, पोचे आलेली तांब्याची कळशी होती. टाळ्या पडल्या. तात्यांनी कळशी पोटाशी धरली.

तेवढ्यात ओट्याखालून पारूबाई बोलली. वस्तीतली वयस्क बाई, आवाज शांत.

"तात्या, ह्यो मानूस अंगभर रबर घालून पार तळाला जाऊन आला. पानी बाटलं का?"

तात्या कळशीवरचा गाळ पुसू लागले.

"न्हाई बाटलं ना? मग आमच्याच हाताला काय हाय? ह्याचं पाय बघितलं, आमचं कवा बघितलं? आमाला पायरीच चढू दिली न्हाई."

गोऱ्यानं मला विचारलं, बाई काय म्हणते? परक्या माणसापुढे गावाची अब्रू जाऊ नये म्हणून मी चटकन म्हणालो, "थँक यू म्हणते."

तात्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले, पायांकडे नाही, तोंडाकडे.

"मास्तर, ती येवढं बोलली, तू दोन शब्दांत कसं आटपलंस? खरं सांग त्याला."

मी सांगितलं. माझं मोडकं इंग्रजी त्या दिवशी जरा जास्तच नीट समजलं. गोरा तात्यांकडे बघत राहिला, मग खाली मान घालून पंजे काढू लागला.

संध्याकाळी तात्या विहिरीवर दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ते चिंचेनं कळशी घासत बसले होते.

"निसटली न्हाई ही," ते म्हणाले. "तिनं टाकली. पारूला वर येऊ द्या म्हनायची. मी न्हाई म्हनलो. तवा ही कळशी हिरीत टाकून खाली उतरली, त्या बायांत जाऊन हुबी ऱ्हायली. मरस्तवर खालूनच पानी घेतलं. मीच वतायचो. लोकांनी इचारलं तर सांगायचो, तिला चक्कर येती."

सकाळी ते कळशी घेऊन विहिरीवर गेले, पण ओटा चढले नाहीत. बायकांच्या रांगेत खालीच उभे राहिले आणि म्हणाले, "पारूबाई, वर जावा. पानी शेंदा."

दोघा-चौघांनी तोंडं वाकडी केली. पारूबाई शांतपणे पायऱ्या चढली. तिनं पोहरा सोडला, शेंदला, आपली घागर भरली. तात्यांनी खालून कळशी पुढे केली.

"तुमाला मी वतायची न्हाई, तात्या. वर या, आपलं आपन भरा."

तात्या हलले नाहीत. म्हणाले, "मला त्वांड न्हाई वर याया."

पारूबाईनं पोहरा काठावर ठेवला.

"काकी हितं आमच्यात हुब्या ऱ्हायच्या, तवा आमी म्हनायचो, तुमी कशापायी? तर म्हनायच्या, मानूस वाईट न्हाई माजा. कवातरी समद्यांना वर बोलावंल. त्या दिशी मीबी चढंन."

तात्या मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. पारूबाई मात्र दोर हातात धरून, ते वर येण्याची वाट बघत थांबली.